वजन उतरवण्याचे ‘पॅकेज’ : सौदा नफ्याचा की तोट्याचा?

शहरातील कोणत्याही गजबजलेल्या रस्त्याने गेले की ‘वजन घटवा’ अशी पाटी हमखास दिसते. पाटीवर दोन छायाचित्रे असतात. एक लठ्ठ माणसाचे आणि दुसरे त्याच माणसाचे सडपातळ झाल्यानंतरचे. खाली किलोचा आकडा, दिवसांचा आकडा आणि सवलतीचा आकडा. आत गेले की गोड बोलणारी मंडळी वजन करतात, कंबर मोजतात, एक तक्ता दाखवतात आणि ‘पॅकेज’ सांगतात. हजारो रुपयांचा हा व्यवहार पंधरा-वीस मिनिटांत ठरतो. जो व्यापारी कापडाचा तागा घेताना तीन दुकाने फिरतो, तोच येथे एका बैठकीत पैसे मोजून बाहेर पडतो.

प्रकृतीचा प्रश्न व्यापाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा सरळसरळ खरेदीचा व्यवहार आहे आणि तो खरेदीच्या कसोटीवरच तपासला पाहिजे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आमच्यापैकी बहुतेकांचे दुकान वा कारखाना एकाच माणसाच्या जिवावर चालतो. कारागिराचे भांडवल बँकेत नसते, ते त्याच्या शरीरात असते. वाढलेल्या वजनामागून मधुमेह येतो आणि मधुमेह डोळे, पाय व मूत्रपिंड यांवर घाला घालतो. जरीकाम करणाऱ्याची नजर गेली किंवा शिंप्याच्या पायाची जखम भरेनाशी झाली, की त्या घराचा धंदाच बसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा वजन उतरवणे ही केवळ हौसेची बाब नव्हे, ती भांडवल राखण्याची बाब आहे. प्रश्न एवढाच, की त्यासाठी पैसे मोजून एखाद्या केंद्रात नाव घालावे काय?

धंद्याची सुरुवात कशी झाली?

या धंद्याचा इतिहास पाहिला की त्यात नेमके काय विकले जाते ते कळते. १९६१ साली न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात राहणारी जीन नाइडेच नावाची एक लठ्ठ गृहिणी महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेली. तेथे तिला आहाराचा तक्ता मिळाला, तोही फुकट. तक्ता चांगला होता. काही वजन उतरलेही. परंतु एकटीने तो पाळणे तिला जड जाऊ लागले. तेव्हा तिने शेजारच्या आपल्यासारख्याच लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावले. दर आठवड्याला जमायचे, वजन करायचे, कोणी चोरून काय खाल्ले ते मोकळेपणाने सांगायचे आणि एकमेकींना धीर द्यायचा, असा परिपाठ सुरू झाला. वर्षभरात तिचे वजन सुमारे ३० किलोंनी उतरले. १९६३ मध्ये कापड व्यवसायातील एका जाणकार जोडप्याच्या साह्याने तिने ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी काढली. १९७८ मध्ये टोमॅटो सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीने ती विकत घेतली.

व्यापाऱ्याने या कथेतील एक गोष्ट टिपून ठेवावी. आहाराचा तक्ता त्या काळीही फुकट होता आणि आजही कोणत्याही सरकारी रुग्णालयात तो मिळू शकतो. पैसे घेतले गेले ते आठवड्याच्या वजनकाट्याचे आणि सोबतीचे. माणूस एकटा असला की मनाला फसवतो. चार जणांसमोर काट्यावर उभे राहायचे आहे म्हटले की तो हात आखडता घेतो. या धंद्यातला खरा माल तेवढाच. बाकी यंत्रे, पट्टे, पावडरी व वेष्टने ही त्यावर चढवलेली वरकड किंमत आहे.

दोन वर्षांचा ताळेबंद

आता या मालाचा गुण किती, ते पाहू. वेट वॉचर्सची परीक्षा अमेरिकेतील सहा केंद्रांत घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये तेथील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. ४२३ जणांचे दोन गट पाडले होते. एका गटाला या कार्यक्रमात फुकट प्रवेश दिला. दुसऱ्या गटाला सल्ला व वाचनसाहित्य देऊन घरच्या घरी प्रयत्न करण्यास सांगितले. एका वर्षानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ४.३ किलो उतरले होते, तर दुसऱ्याचे १.३ किलो. दोन वर्षांनंतर पहिल्या गटाची घट २.९ किलोवर आली होती, दुसऱ्याची जवळजवळ शून्यावर म्हणजे ०.२ किलोवर.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कार्यक्रमाचा उपयोग होतो. एकट्याने केलेल्या प्रयत्नापेक्षा तो निश्चितच बरा. दुसरी, हा उपयोग जाहिरातीतील आकड्यांच्या जवळपासही नसतो आणि उतरलेल्या वजनाचा काही भाग परत येतो. हे जगातील सर्वांत जास्त तपासल्या गेलेल्या कार्यक्रमाबाबत आहे. आपल्या गल्लीतील केंद्रांपैकी बहुतेकांची अशी कोणतीही परीक्षा झालेली नाही.

याचा हिशेब रुपयांत मांडून पाहू. समजा, एखाद्या केंद्राची फी महिन्याला २,००० रुपये आहे. वर्षाचे झाले २४,०००. घरच्या प्रयत्नापेक्षा जास्त मिळाले ते ३ किलो. म्हणजे किलोमागे ८,००० रुपये पडले. दोन वर्षे फी भरली तर ४८,००० रुपये आणि हाती जादा राहिले २.७ किलो. किलोमागे जवळजवळ १८ हजार रुपये. हा भाव ज्याला परवडतो त्याने खुशाल द्यावा. मात्र तो देतो आहोत हे माहीत असून द्यावा.

हे तीन-चार किलो थोडे वाटतील, पण शरीराच्या दृष्टीने ते थोडे नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोक होते. त्यांतील एका गटासमोर दोनच उद्दिष्टे ठेवली होती. वजन ७ टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करायचा. केवळ सर्वसाधारण सल्ला व औषधविरहित गोळी मिळालेल्या गटाशी तुलना करता या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. त्यासाठी छायाचित्रातल्यासारखे सडपातळ व्हावे लागत नाही.

आपल्याकडील उदाहरण तर याहून बोलके आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तीन वर्षांत, ज्यांना विशेष मार्गदर्शन नव्हते त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार व चालण्याचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे या गटाचे वजन फारसे उतरलेही नव्हते. खाणे सुधारले आणि पाय चालते झाले, एवढ्यानेच फायदा पदरात पडला.

जाहिरात एक, पावती दुसरी

केंद्राच्या जाहिरातीत किलो विकले जातात. पैसे भरल्यावर जी पावती मिळते, तिच्यावर मात्र किलोचा उल्लेख नसतो. तिच्यावर ‘इतक्या सिटिंग’ किंवा ‘इतके महिने सेवा’ असे लिहिलेले असते. आमच्या व्यवहारशास्त्रात इजारा आणि जुआला असे दोन वेगळे प्रकार आहेत. इजारा म्हणजे वेळेची किंवा कामाची मजुरी, आणि जुआला म्हणजे काम फत्ते झाल्यावर द्यायचा मोबदला. ही केंद्रे बोलतात जुआल्याची भाषा आणि पैसे घेतात इजाऱ्याचे. वजन उतरले नाही तर ‘तुम्ही तक्ता पाळला नाही’ हे उत्तर तयार असते. मापात पूर्ण माल देण्याची शिकवण ज्यांच्या अंगी भिनली आहे, त्या व्यापाऱ्यांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

नामांकित संस्थाही याला अपवाद नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये व्हीएलसीसी या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ३ लाख रुपये दंड ठोठावला. चरबी थंडाव्याने कमी करणाऱ्या एका यंत्राबाबतच्या या जाहिराती होत्या. त्या यंत्राला मान्यता होती ती शरीराच्या ठरावीक भागात साचलेली चरबी कमी करण्यापुरती. एकूण वजन उतरवण्याचे ते साधन नव्हे. तसेच १९५४ च्या औषधे व जादूटोण्याच्या उपायांसंबंधीच्या कायद्यात ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तेव्हा ‘आठ दिवसांत चरबी वितळवणारे औषध’ अशी जाहिरात दिसली की ती देणारा कायद्याच्या बाहेर उभा आहे, असे खुशाल समजावे.

गिऱ्हाईक की वितरक?

आमच्या तरुणांना आणखी एका बाजूने ओढले जाते. सकाळी एखाद्या खोलीत दहा-वीस माणसे जमून पावडरीचे पेय घेतात. चार-सहा आठवड्यांत वजन थोडे उतरते, चेहरा टवटवीत दिसतो. मग सांगितले जाते की आता तुम्हीच वितरक व्हा, असाच क्लब काढा, खाली माणसे जोडा, घरबसल्या उत्पन्न सुरू होईल. बेरोजगार पदवीधर आणि मंदीने बेजार झालेला कारागीर येथे फसतो.

अमेरिकेत काय झाले ते पाहावे. तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या कारवाईत हर्बालाइफ कंपनीने २०१६ मध्ये २० कोटी डॉलर भरण्याचे आणि आपली कमिशनची रचना बदलण्याचे मान्य केले. क्लब उघडण्यास सरासरी सुमारे साडेआठ हजार डॉलर लागले होते आणि ५७ टक्के क्लबचालकांना काहीच नफा झाला नव्हता किंवा तोटा झाला होता, असे आयोगाने आपल्या तक्रारीत मांडले होते. धंद्याची कसोटी साधी आहे. माल खऱ्या गिऱ्हाइकाला विकून नफा मिळत असेल तर तो व्यापार. नवीन माणूस भरती करून त्याच्या खरेदीतून आपले पैसे निघत असतील तर तो व्यापार नव्हे. आपल्या देशातही २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना व प्रवेश फी घेण्याला मनाई केली आहे. वजन उतरवायला गेलेल्या माणसाने वितरकाच्या अर्जावर सही करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी जाऊ नये?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याही केंद्राचा आहार सुरू करू नये. खाणे एकदम घटले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रमजानच्या रोजांतही हाच धोका असतो, हे अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. हृदयाचे, मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनी यांनीही या वाटेला जाऊ नये. काही वेळा वजनाचे कारण थायरॉईडसारखा विकार असतो. तेथे आधी रक्ताची तपासणी करावी लागते, पॅकेज नव्हे.

२०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या देशात आली आहेत. ती परिणामकारक आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची बाब आहे. शिवाय या वर्गातील सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे सुमारे दोन तृतीयांश परत येते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. केंद्राच्या काउंटरवर कोणी इंजेक्शन देऊ लागला, तर तेथून उठावे.

आपले वजन खरोखर जास्त आहे काय, हेही आधी पाहावे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली तर धोका समजतात. शिंप्याच्या टेपने हे माप घरीच घेता येते. त्यासाठी कोणाला फी द्यावी लागत नाही.

पैसे भरण्यापूर्वी

ज्याला जवळपास सोबत मिळत नाही, ज्याला शिस्त बाहेरूनच लागते आणि ज्याला फी परवडते, अशा माणसाने केंद्रात जाण्यास आमची हरकत नाही. मात्र पुढील गोष्टी पाहूनच जावे.

१) फी महिन्याची भरावी. वर्षाचे पॅकेज एकरकमी घेऊ नये. महिनाभरात केंद्र कसे आहे ते कळते.

२) हप्त्यांवर पॅकेज देणारी केंद्रे बहुधा मध्ये एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज घालतात. ‘बिनव्याजी’ असे तोंडी सांगितले तरी कागद पूर्ण वाचावा. व्याजाच्या पैशाने वजन उतरवण्याइतकी नड कोणाचीही नसते. शिवाय केंद्र बंद पडले तरी हप्ता चालूच राहतो.

३) आहार कोण ठरवतो, त्याचे शिक्षण काय, हे विचारावे. पात्र आहारतज्ज्ञ नसेल तर परत फिरावे.

४) केंद्राची पावडर, गोळ्या विकत घेण्याची सक्ती असेल तर नकार द्यावा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि ते जनावरापासून बनते. ते हलाल आहे की नाही याची खात्री नसेल तर हिरव्या खुणेचा मालच पाहावा.

५) जे तोंडी सांगितले ते लेखी मागावे. किती किलो, किती दिवसांत आणि तसे न झाल्यास रक्कम परत मिळणार काय? लिहून देण्यास नकार मिळाला तर उत्तर मिळाले असे समजावे.

६) पावती, करारपत्र व जाहिरातीचे कागद जपून ठेवावेत. ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापले म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही. सेवेत उणीव असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मोहल्ल्यातला काटा

या धंद्यातला खरा माल काटा आणि सोबत हाच असेल, तर तो माल आपल्याकडे कमी नाही. आमच्या कितीतरी गोदामांत वजनमाप खात्याचा शिक्का असलेला मोठा काटा आहे. बाजारातल्या आठ-दहा जणांनी ठरवले, तर जुम्याच्या दिवशी एका ठरलेल्या वेळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत मांडता येईल. भगिनींनी आपला गट घरी वेगळा करावा. घरगुती काटा हजार-दीड हजार रुपयांत येतो आणि दहा घरांत वाटला तर प्रत्येकी शे-दीडशे रुपये पडतात. वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरांना वा आहारतज्ज्ञांना गटासमोर बोलवावे व त्यांची रास्त फी द्यावी. हा खर्च सत्कारणी लागेल.

चालण्याचा हिशेबही आपल्या दिनक्रमात बसतो. फज्रच्या नमाजनंतर अर्धा तास भरभर चालावे, आठवड्यातून पाच दिवस. १५० मिनिटे भरली. दुकान उघडायला त्यानंतरही भरपूर वेळ असतो.

आहारात सर्वांत आधी चहा पाहावा. गादीवर बसणारा माणूस गिऱ्हाइकाबरोबर दिवसातून आठ कप सहज घेतो. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाला ८० ग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ अडीच किलो साखर एकट्याच्या पोटात जाते. किराणा दुकानदाराने हे पोते डोळ्यांसमोर आणावे. गिऱ्हाइकाला चहा अवश्य पाजावा, पण आपला कप बिनसाखरेचा असावा. दुसरी बाब रात्रीच्या जेवणाची. दुकान बंद करून अकराला जेवायचे आणि लगेच झोपायचे, हा क्रम मोडून संध्याकाळीच डबा खाल्ला, तर पुष्कळ फरक पडतो. तिसरी बाब दावतीची. वलिम्याची बिर्याणी सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. ताट एकदाच भरावे, एवढेच म्हणतो. रमजानमध्ये दिवसभर रोजा आणि इफ्तारला भजी, समोसे, सरबत यांचा मारा, यामुळे कित्येकांचे वजन त्या महिन्यात उलट वाढते. पोटाचे तीन भाग करून एकच भाग अन्नाला देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या तक्त्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात, त्याचा सारांश याहून फार वेगळा नसतो.

वेट वॉचर्स कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयात गेली आणि एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जातून सुटका करून घेऊन बाहेर आली. कंपन्या येतील, जातील, नावे बदलतील. चार शेजारणींनी एकत्र बसून काट्यावर उभे राहण्याची जी साधी पद्धत १९६१ च्या सुमारास तिच्या मुळाशी होती, ती मात्र कोणाच्या मालकीची नाही. आमच्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की हा माल आधी घरी शोधावा. घरी मिळाला नाही तरच बाजारात जावे आणि गेल्यावर भाव करून, तोलून, पावती घेऊन घ्यावा. येत्या जुम्याला आपल्या बाजारात एक वही उघडली गेली, तर या लेखाचे चीज झाले असे आम्ही मानू.